चुकू देणारा खेळ: ऑनलाइन शिक्षणासाठी सिम्युलेशन गेम कसा घडवावा

एक प्रश्न बघा. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तासाला सरासरी ५ रुग्ण येतात. डॉक्टर एकच आहे. एका रुग्णाला सरासरी १० मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ६ जण तपासून होऊ शकतात. येणाऱ्या रुग्णाला सरासरी किती वेळ ताटकळावं लागेल?

बहुतेक जण म्हणतात, फारसं नाही. येणारे ५ आणि तपासण्याची क्षमता ६, म्हणजे डॉक्टरच मधूनमधून मोकळे बसतील. पण रुग्ण कधीही, एकमेकांशी संबंध नसताना येतात आणि तपासणीचा वेळही कमी-जास्त होतो, हे धरून रांगांच्या गणितातलं सगळ्यात साधं मॉडेल लावलं, तर उत्तर येतं ५० मिनिटं.

हे सूत्र मी वर्गात दहा मिनिटांत शिकवू शकते. विद्यार्थी परीक्षेत बरोबर उत्तरही लिहितील. आणि तेच विद्यार्थी उद्या कुठल्या कामाचं वेळापत्रक लावायला बसले, तर एकही मिनिट मोकळं न ठेवता ते ठासून भरतील. सूत्र पाठ असणं आणि ते हातात उतरणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कापायला सिम्युलेशन गेमसारखं, म्हणजे खऱ्या परिस्थितीची नक्कल करून तिच्यात निर्णय घ्यायला लावणाऱ्या खेळासारखं, दुसरं साधन मला माहीत नाही. असा खेळ कसा घडवायचा, हे या रांगेचंच उदाहरण शेवटपर्यंत हाताशी धरून सांगते.

पहिली पायरी: चुकीची समजूत पकडा

"आपण पर्यावरणावर एक गेम करू या" अशी सुरुवात झाली की काम बहुधा तिथेच फसतं. विषयातून खेळ निघत नाही. खेळ निघतो तो विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या, वरवर पटणाऱ्या, पण चुकीच्या समजुतीतून. ती सापडेपर्यंत स्क्रीन, पात्रं, रंग यातलं काहीही ठरवू नका.

ती शोधायला मोठं सर्वेक्षण लागत नाही. पाच-सहा विद्यार्थ्यांना समोर बसवून वरच्यासारखा एक प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्यावर "बरोबर" किंवा "चूक" म्हणू नका. "असं का वाटतं?" एवढंच विचारा आणि ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. मग एक वाक्य तीन तुकड्यांत लिहा: विद्यार्थ्याला काय वाटतं, प्रत्यक्षात काय होतं, आणि ते तसं का होतं. आमच्या उदाहरणात ते असं होईल: "विद्यार्थ्याला वाटतं की क्षमता मागणीपेक्षा जास्त असली की रांग लागत नाही. प्रत्यक्षात क्षमता पूर्ण वापराच्या जवळ गेली की रांग झपाट्याने वाढते. कारण मोकळी गेलेली मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत, तुंबलेलं काम मात्र साठत जातं."

तिसरा तुकडा लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका. तुमचं मॉडेल त्यातूनच उभं राहणार आहे.

प्रत्येक विषयाला हे साधन शोभत नाही, हेही इथेच ठरवून टाका. व्याख्या, सनावळी, एखाद्या कृतीचा ठरलेला क्रम यांना साधा सराव पुरतो. जिथे परिणाम उशिरा दिसतो, काहीतरी हळूहळू साठत जातं, योगायोगाचा हात असतो, एकाच्या निर्णयाचा दुसऱ्याला फटका बसतो किंवा प्रत्यक्षात चुकणं फार महाग पडतं, तिथे सिम्युलेशनची मेहनत सार्थकी लागते.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९६० च्या सुमाराला तयार झालेला बिअर गेम. चार खेळाडू असतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ खोक्यांचा साठा असतो. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ खोकी असते, पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि मग शेवटपर्यंत ८ च राहते. बदल एवढा एकच. तरीही साखळीत मागे जावं तसा ऑर्डरचा चढउतार मोठा होत जातो. आधी सगळीकडे तुटवडा पडतो, मग कारखान्यापर्यंत साठ्याचे ढीग लागतात. १९८९ मध्ये जॉन स्टरमन यांनी यावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारण नेमकं दाखवलं: आपण मागवलेला पण अजून पोचायचा असलेला माल खेळाडू हिशेबात पुरेसा धरत नाहीत. म्हणजे अख्खा खेळ एका समजुतीभोवती उभा आहे. ग्राफिक्स नाहीत, गोष्ट नाही, तरी खेळ अजून जगभर खेळवला जातो.

दुसरी पायरी: मॉडेल कागदावर, मग स्प्रेडशीटमध्ये

मॉडेल म्हणजे तुमच्या खेळातल्या जगाचे नियम. कागद घ्या आणि तीन गोष्टी काढा: काय साठतं, ते कशाने वाढतं, कशाने कमी होतं. आमच्या खेळात साठते रांग. येणारे रुग्ण ती वाढवतात, तपासून झालेले रुग्ण कमी करतात. बस. बाकीचं, म्हणजे रुग्णांचे आजार, खाटांची संख्या, नर्सच्या पाळ्या, हे सगळं मोहात पाडतं. यातली प्रत्येक गोष्ट घेताना पहिल्या पायरीतलं वाक्य समोर ठेवा. त्या वाक्याला जी गोष्ट लागत नाही, ती बाहेर.

"पण मग ते खरं वाटणार नाही" हा आक्षेप हमखास येतो. त्यावर लिंक ट्रेनर आठवावा. एडविन लिंक यांनी १९२०च्या दशकाच्या शेवटी वैमानिकांसाठी बनवलेली ती एक ठेंगणी पेटी होती. आत कॉकपिट, वरून झाकण. बाहेरचं आकाश, ढग, जमीन यातलं काहीच दिसत नसे. पण शिकायचं होतं ते फक्त उपकरणांच्या भरवशावर विमान चालवायला, आणि उपकरणं हालचालींना बरोबर प्रतिसाद देत. अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने १९३४ मध्ये असे ६ ट्रेनर घेतले आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यांवर तयार झाले. जे शिकायचं आहे त्याच्याशी इमान राखा. दिसण्यातली तंतोतंतता ही पुढची आणि बहुतेकदा अनावश्यक चैन आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी: जे गाळलं ते विद्यार्थ्याला जगात नाहीच असं वाटू शकतं. सिमसिटी या शहर उभारायच्या संगणक खेळाच्या २०१३ च्या आवृत्तीत पार्किंगच्या जागा प्रत्यक्षापेक्षा खूपच कमी दाखवल्या होत्या, कारण खऱ्या प्रमाणात दाखवल्या असत्या तर शहर पार्किंगनेच भरून गेलेलं दिसलं असतं. करमणुकीच्या खेळात हे चालून जातं. पण तोच खेळ नगररचनेच्या वर्गात वापरला, तर सगळ्यात शिकण्याजोगी गोष्टच नाहीशी झालेली असते. म्हणून मॉडेलसोबत एक पानभर गृहीतकं लिहून ठेवा आणि ते पान खेळ संपल्यावर विद्यार्थ्यालाही दाखवा. आमच्या पानावर असं आहे: नेहमीचा डॉक्टर एकच, आधी येईल त्याला आधी, रुग्ण कंटाळून परत जात नाहीत, रात्र आणि दिवस सारखेच.

आता हे स्प्रेडशीटमध्ये बसवा. एका ओळीला एक रुग्ण: आला कधी, तपासणी सुरू कधी, संपली कधी. आधीच्या रुग्णाची तपासणी संपण्याची वेळ आणि या रुग्णाच्या येण्याची वेळ, यातली जी उशिराची ती याची सुरुवात. एवढ्या एका नियमावर अख्खी रांग चालते. काही लाख ओळी चालवल्या की सरासरी पुढच्या आकड्यांच्या आसपास यायला हवी:

तासाला ३ रुग्ण: थांबणं १० मिनिटं
तासाला ४ रुग्ण: २० मिनिटं
तासाला ५ रुग्ण: ५० मिनिटं
तासाला ५.५ रुग्ण: ११० मिनिटं
तासाला ५.७ रुग्ण: १९० मिनिटं

हे आकडे सूत्रातूनच येतात, त्यामुळे मॉडेलची परीक्षा घ्यायला ते फार उपयोगी आहेत. तुमच्या विषयातही असं आधीच माहीत असलेलं एखादं उत्तर शोधा आणि मॉडेल तिथे पोचतं का ते बघा. आकडे जवळ आले नाहीत तर नियमात चूक आहे किंवा सिम्युलेशन पुरेसं लांब चाललेलं नाही.

लांबीचा मुद्दा मी फार महागात शिकले. माझ्या पहिल्या आवृत्तीत खेळ ८ तासांच्या एका पाळीचा होता आणि सकाळी रांग रिकामी असायची. डॉक्टरच्या वेळेच्या ९५ टक्के वापरावर, म्हणजे तासाला ५.७ रुग्ण येत असताना, विभागात सरासरी १९ माणसं असायला हवीत, पण रिकाम्या सुरुवातीपासून तिथे पोचायला कितीतरी दिवस जातात. आठ तासांत रांग जेमतेम धरू लागायची आणि दिवस संपायचा. विद्यार्थ्यांनी वेळापत्रक ठासून भरलं, विशेष काही बिघडलं नाही, आणि त्यांची चुकीची समजूत माझ्या खेळाने अधिक पक्की करून परत पाठवली. मॉडेलमध्ये गणिताची चूक नव्हती. ते खेळात किती वेळ चालतं, हे मी तपासलं नव्हतं. आता तोच खेळ २४ तास चालणाऱ्या विभागाच्या ३० दिवसांचा आहे आणि रांग एका दिवसातून दुसऱ्या दिवसात जाते.

मॉडेल तयार झालं की त्यावर संगणकाने चालवलेले अडाणी खेळाडू सोडा. एक काहीच न करणारा, एक कायम तेच बटण दाबणारा, एक वाटेल ते करणारा. प्रत्येकाला २०० वेळा खेळवा. यातला एखादा विचारी माणसापेक्षा जास्त गुण मिळवत असेल तर खेळ तीच चाल शिकवणार, तुमचा हेतू काहीही असो.

तिसरी पायरी: निर्णय आणि गुण

१९६४ मध्ये मेबल ॲडिस या शाळेतल्या शिक्षिकेने आयबीएमच्या मदतीने एक खेळ लिहिला, द सुमेरियन गेम. शाळेसाठी बनलेल्या सगळ्यात जुन्या संगणक खेळांपैकी तो एक. प्राचीन लगाश नगराच्या राजाच्या जागी बसून मुलांना दर हंगामात ठरवायचं असे: किती धान्य लोकांना खायला द्यायचं, किती पेरायचं, किती साठवायचं. तीन आकडे. पण एकाला वाढवलं की दुसऱ्याला तोशीस पडते, म्हणून प्रत्येक आकड्यावर विचार करावा लागतो.

मला हे प्रमाण आदर्श वाटतं. एका फेरीत दोन ते चार निर्णय, आणि प्रत्येकाला किंमत. ज्या निर्णयाची किंमत शून्य आहे तो काढून टाका. ज्याचा परिणाम खेळ संपेपर्यंत दिसतच नाही तोही काढा, किंवा खेळ लांबवा.

रांगेच्या खेळात विद्यार्थी विभागप्रमुख आहे. तो दोन गोष्टी ठरवतो: तातडीचे नसलेले किती रुग्ण दिवसभरात बोलवायचे आणि त्या दिवशी राखीव डॉक्टर बसवायचा की नाही. थांबण्याच्या प्रत्येक मिनिटाला एक गुण वजा होतो. राखीव डॉक्टरचा दर मी आधी तासाला ६० गुण ठेवला होता. कायम तेच बटण दाबणारा अडाणी खेळाडू सोडल्यावर लगेच दिसलं की राखीव डॉक्टरला महिनाभर बसवून ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतंय. म्हणजे विचार करायचं कारणच उरलं नव्हतं. दर वाढवत नेला, तेव्हा कुठे "आज बोलवू की उद्या बघू" ही घालमेल खेळात आली.

गुण कशाला द्यायचे याला मी मॉडेलइतकाच वेळ देते. खेळाडू तुमच्या प्रस्तावनेतून शिकत नाही, तो गुणांच्या मागे जातो. सापळाही गुणांमधूनच लावता येतो: पहिल्या दहा दिवसांत खेळातले संचालक एकच मागणी करतात, "डॉक्टरचा वेळ वाया जाता कामा नये", आणि वापर ९० टक्क्यांवर गेला की शाबासकी देतात. बाराव्या-पंधराव्या दिवशी रांगेचे आकडे बोलू लागतात. सापळा लावताना प्रामाणिक राहा मात्र. रांगेची लांबी पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर दिसत असली पाहिजे. माहिती लपवून विद्यार्थ्याला चुकवलं तर तो विषय न शिकता तुमच्यावर अविश्वास ठेवायला शिकतो.

चौथी पायरी: ऑनलाइनचं वेगळेपण

वर्गात शिक्षक अडलेल्याला बोट धरून पुढे नेतात. ऑनलाइन विद्यार्थी एकटा असतो, बहुधा फोनवर, आणि दुसऱ्या मिनिटाला खिडकी बंद करू शकतो. त्यामुळे सूचनांचं पान नको. पहिली फेरी एकाच निर्णयाची ठेवा, दुसरा निर्णय तिसऱ्या फेरीत उघडा. एका बैठकीचा खेळ १५ ते २० मिनिटांत संपावा आणि अर्ध्यात सोडला तर तिथूनच परत सुरू व्हावा.

अनेकांनी मिळून खेळायचा खेळ असेल तर कुणीतरी मध्येच गायब होणारच, हे धरून चाला. त्याची जागा घेणारा साधा संगणकी खेळाडू आधीच तयार ठेवा. सगळे एकाच वेळी जमणं कठीण असेल तर फेरीला एक दिवसाची मुदत द्या. बिअर गेमसारख्या खेळात या संथ गतीने चुरस कमी होते, पण लोक विचार करून ऑर्डर देतात आणि तरीही ऑर्डरच्या चढउताराची लाट उठते. चर्चेला ते अधिकच उपयोगी पडतं.

योगायोग कसा हाताळायचा, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. संगणक रँडम आकडे एका सुरुवातीच्या आकड्यावरून, म्हणजे सीडवरून तयार करतो. सीड तोच तर रुग्णांच्या येण्याचा क्रमही तोच. पहिल्यांदा संपूर्ण वर्गाला एकच सीड द्या. मग "माझ्याकडे नेमके जास्त रुग्ण आले" ही सबब उरत नाही आणि निर्णयांची तुलना सरळ होते. दुसऱ्यांदा प्रत्येकाला वेगळा सीड द्या. तिसऱ्यांदा विद्यार्थ्याने ठरवलेलं धोरण १०० वेगवेगळ्या सीडवर आपोआप चालवा आणि निकालांचा पसारा आलेखात दाखवा. काही वेळा वाईट धोरणही नशिबाने तरतं आणि चांगलं बुडतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. व्याख्यानातून हे पोचवणं मला कधीच जमलेलं नाही.

पाचवी पायरी: सांगू नका, आधी अंदाज घ्या

माझ्या एका आवृत्तीत "पुढचा दिवस" असं बटण होतं. विद्यार्थ्यांनी ते सटासट दाबत ३० दिवस दीड मिनिटात संपवले. लॉगमध्ये, म्हणजे खेळाने ठेवलेल्या नोंदींत, हे बघितलं तेव्हा वाईट वाटलं, पण दोष बटणाचा होता. थांबून विचार करायचं काही कारणच मी दिलं नव्हतं.

आता दर पाच दिवसांनी खेळ थांबतो आणि एक रिकामा आलेख समोर येतो. पुढच्या पाच दिवसांत रांग कशी जाईल ती रेष विद्यार्थी बोटाने किंवा माउसने काढतो. मग खेळ चालतो आणि खरी रेष त्याच्या रेषेवरून उमटत जाते. "तुमचं उत्तर चुकलं" असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याची गरजच पडत नाही, दोन रेषांमधलं अंतर पुरेसं असतं. ज्याने अंदाज मांडला आहे त्यालाच निकालाचं आश्चर्य वाटतं.

मार्गदर्शन करायचंच असेल तर ते रचनेत मुरलेलं असावं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या फेट या प्रकल्पाची विज्ञान सिम्युलेशन्स बघा. त्यात लांब सूचना जवळपास नसतात. कोणती पट्टी आधी दिसते, ती किती सरकते, कोणता आकडा शेजारी बदलतो, यातूनच विद्यार्थी नेमक्या प्रयोगाकडे वळतो. प्रत्येक सिम्युलेशन घडवताना विद्यार्थ्यांना ते वापरायला देऊन, त्यांना मोठ्याने विचार करायला सांगून त्यांची चाचणी घेतली जाते.

सहावी पायरी: खेळानंतरची चर्चा

सगळ्यात जास्त शिकणं इथे होतं आणि ऑनलाइन रचनेत सगळ्यात आधी हीच पायरी गळते. खेळ संपतो, गुण दिसतात, विद्यार्थी निघून जातो. जाताना त्याने स्वतःला सांगितलेलं कारण बहुधा चुकीचं असतं: "रुग्ण जास्त होते", "डॉक्टर हळू होते", "खेळच अवघड होता".

बिअर गेमच्या चर्चेत एक जुनी रीत आहे. ती मला इतकी आवडते की माझ्या प्रत्येक खेळात मी तिचं काहीतरी रूप ठेवते. ज्यांना ग्राहकाची मागणी दिसलेली नसते त्या खेळाडूंना खेळ संपल्यावर सांगतात, "ग्राहकाची मागणी कशी बदलली असेल, त्याचा आलेख काढा." बहुतेक जण उंच डोंगर आणि खोल दरी काढतात. मग खरी मागणी दाखवतात: ४, ४, ४, ४, आणि मग सरळ ८. खोलीत शांतता पसरते. आठवड्यांमागून आठवडे ज्या ग्राहकाला दोष दिला, त्याने एकदाच काहीतरी बदललं होतं. लाट खेळाडूंनी स्वतः तयार केलेली होती. या क्षणासाठीच तो सगळा खेळ आहे.

ऑनलाइन हे कसं आणायचं? गुण दाखवायच्या आधी चर्चेचा टप्पा ठेवा. एकदा गुण दिसले की लक्ष उडतं. पहिला प्रश्न भावनेचा असू द्या: कुठल्या दिवशी सगळ्यात हतबल वाटलं? तो दिवस विद्यार्थी स्वतः आलेखावर बोट ठेवून दाखवतो. दुसरा प्रश्न: ती वेळ कशामुळे आली असं वाटतं? उत्तर त्याच्याच शब्दांत लिहू द्या, पर्याय देऊ नका. नंतर त्याच्या निर्णयांची नोंद समोर मांडा: "नवव्या दिवशी रांग ४ होती आणि तुम्ही दिवसाला १२ जास्तीचे रुग्ण बोलावले. चौदाव्या दिवशी रांग १७ झाली." आणि मग त्याला एकच निर्णय बदलून, तोच सीड ठेवून, खेळ नवव्या दिवसापासून पुन्हा चालवू द्या. कारण काय होतं ते इथे त्याला स्वतःला सापडतं.

त्यानंतर बाकीच्या वर्गाचे आलेख नावांशिवाय दाखवा. आपल्यासारखीच रेष पन्नास जणांची दिसली की "माझी चूक" वरून नजर "ही रचनाच अशी आहे" कडे वळते.

शेवटी हा धागा दुसऱ्या ठिकाणी न्या: टोलनाका, ग्राहक सेवेचा फोन, एखाद्या वेबसाइटचा सर्व्हर. आणि पुन्हा एकदा खेळू द्या. चर्चेनंतरची दुसरी खेळी नसेल तर निम्मं काम राहून जातं. त्यासाठी वेळ हवा म्हणूनच पहिली खेळी २० मिनिटांच्या आत ठेवायची.

मूल्यमापन आणि नोंदी

खेळातल्या गुणांवर परीक्षेचे गुण देऊ नका. तसं केलंत की विद्यार्थी धोका पत्करणं सोडतो, एकमेकांची उत्तरं उतरवतो, आणि चुकण्यासाठी बांधलेल्या खेळात कुणी चुकतच नाही. गुण द्यायचे तर स्पष्टीकरणाला द्या: अंदाज आणि निकाल यात फरक का पडला, आणि दुसऱ्या खेळीत धोरण का बदललं.

नोंदी कमी ठेवा, पण उपयोगाच्या. कोणता निर्णय, कोणत्या फेरीत, तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं, अंदाज काय होता. शिक्षण प्रणालीकडे हे पाठवायला एक्सएपीआय हे मानक चांगलं आहे, कारण त्यात "विद्यार्थ्याने काय केलं" हे वाक्यासारखं नोंदवता येतं. काय नोंदवलं जातं ते विद्यार्थ्याला आधी सांगा, आणि मुलं लहान असतील तर पालकांनाही. जे वापरणार नाही ते गोळा करू नका.

बांधणी

चित्रं आणि कोड यांची वेळ आता आली. त्याआधीही एकदा कागदावर खेळा: रुग्णांसाठी पत्ते, येण्यासाठी फासे, रांगेसाठी टेबल. पाच जणांना बसवा आणि तुम्ही अजिबात बोलू नका. ते कुठे अडतात, नियमाचा कोणता चुकीचा अर्थ लावतात, कधी मोबाइलकडे बघतात, ते लिहा. कागदावर कंटाळवाणा असलेला खेळ ॲनिमेशनने सुधारत नाही.

फांद्याफांद्यांनी जाणाऱ्या प्रसंगांसाठी ट्वाइन पुरतं. असंख्य छोट्या घटकांच्या वागण्यातून काही घडत असेल, उदाहरणार्थ साथ पसरणं किंवा वाहतूक, तर १९९९ पासून वापरात असलेलं नेटलोगो बघा, ते ब्राउझरमध्येही चालतं. साठा आणि प्रवाहाच्या मॉडेलसाठी इनसाइट मेकर. स्वतः कोड लिहिणार असाल तर मॉडेल आणि स्क्रीन हे दोन भाग वेगळे ठेवा, म्हणजे तुमचे अडाणी खेळाडू स्क्रीनशिवाय मॉडेलवर धावू शकतील. एखाद्या कंपनीच्या बंदिस्त प्लगइनवर विसंबू नका. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश या प्लगइनचा आधार संपला आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीची असंख्य शैक्षणिक सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली.

सर्वांना वापरता येणं हे शेवटी चिकटवायचं काम नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ असावा, ही वेबच्या सुगम्यता नियमांची अपेक्षा आहे. लांब रांग लाल आणि छोटी हिरवी असं फक्त रंगावर सोडू नका, आकडाही लिहा, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक प्रत्येक मोठ्या वर्गात असतात. सगळे निर्णय कीबोर्डने घेता यावेत. प्रत्येक आलेखामागे तक्ता असावा, म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो वाचू शकेल. बोटाने रेष काढता येत नसेल तर पाच आकडे टाइप करून अंदाज देता यावा. घड्याळ लावून घाई करणं विषयाचा भाग नसेल तर घड्याळ बंद करायची सोय द्या. पान हलकं ठेवा आणि एकदा उघडलं की जोडणी तुटली तरी फेरी पुरी होईल असं बघा.

खेळ वापरात आणल्यानंतर

पहिल्या वीस विद्यार्थ्यांच्या नोंदी स्वतः, ओळ अन् ओळ वाचा. सरासऱ्या नंतर काढा. त्यांचे लिखित खुलासे वाचताना पहिल्या पायरीतलं वाक्य शेजारी ठेवा. "डॉक्टर हळू काम करत होते" असे खुलासे मला सुरुवातीला खूप मिळाले. शोधल्यावर कळलं की स्क्रीनच्या मधोमध मी डॉक्टरचं मोठं चित्र ठेवलं होतं आणि रांग कोपऱ्यात एका आकड्यापुरती होती. नजर जिथे जाते तिथेच दोष दिला जातो. रांग मध्यभागी आणली, डॉक्टर लहान केला, आणि खुलाशांची भाषा बदलली. मॉडेलचा एकही आकडा बदलला नव्हता.

प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्या आणि तो सीडसोबत नोंदीत ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणाची खेळी कुठल्या नियमांवर झाली हे कळणार नाही.

आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांना एक प्रश्न पाठवा, खेळाचा उल्लेख न करता: "एका छपाई यंत्रावर तासाला सरासरी १० कामं येतात, यंत्राला एका कामाला सरासरी ५ मिनिटं लागतात. दिवसाला आणखी थोडी कामं घ्यायची का? का?" यंत्र तासाला १२ कामं करू शकतं, म्हणजे वापर आत्ताच ८३ टक्क्यांवर आहे, पहिल्या प्रश्नातल्या डॉक्टरइतकाच. "घ्या, दोन कामांची जागा आहे" अशी उत्तरं अजूनही बहुसंख्य असतील, तर पहिल्या पायरीवरची ती तीन तुकड्यांची चिठ्ठी पुन्हा बाहेर काढा आणि नव्या पाच-सहा विद्यार्थ्यांना समोर बसवून विचारा: असं का वाटतं?